अकरावीतली भाची "मी नसते तर बरं झालं असतं" म्हणाली. ब्रेकअपवरनं पोरं एवढ्या टोकाला का जातात? तिच्याशी बोलू कसं?

कोरेगावची_आत्या

नमस्कार. मी साताऱ्यात राहते, माहेर कोरेगाव तालुक्यात. लिहू का नको करत दोन रात्री काढल्या, घरात कुणाला विचारायची सोय नाही म्हणून इथं लिहितेय.

माझ्या दादाची मुलगी, वय १६, अकरावी सायन्स. गावातनं रोज एसटीनं साताऱ्याला येते, क्लास सुटल्यावर गाडीला वेळ असला की माझ्याकडं चहा पिऊन जाते. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोरगी. दिवाळीनंतर क्लासमधल्या एका मुलाशी तिचं जमलं होतं, तिनंच मला सांगितलेलं, मी म्हणलं होतं अभ्यास सांभाळून काय ते कर. आता महिना झाला त्यानं बोलणं बंद केलंय, सगळीकडनं ब्लॉक केलंय, आणि जास्त वाईट म्हणजे ज्या चार मैत्रिणी होत्या त्या पण त्याच्याच बाजूनं झाल्यात, हिला काढून नवीन ग्रुप केला, एसटीत पण हिच्या शेजारी कोण बसत नाही. डबा तसाच परत नेते. वहिनीवर खेकसते. रात्री दोन-तीनला ऑनलाइन दिसते.

परवा चहा पिताना म्हणाली, "आत्या, मी नसते तर पप्पांचा क्लासचा खर्च तरी वाचला असता, सगळ्यांनाच बरं झालं असतं." हसत हसत म्हणाली. मी पण "येडी का काय गं" म्हणून विषय बदलला. ती गाडीला गेली आणि मग माझ्या पोटात गोळा आला तो अजून तसाच आहे.

दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या गावात दहावीतला एक मुलगा गेला. मयतीला सगळे हेच बोलत होते की पोरीच्या नादात गेला, एवढ्याशा गोष्टीवरनं गेला. तेव्हा मी पण मान हलवली होती. आता वाटतं खरंच एवढीशी गोष्ट असते का ती? आणि तिला थेट विचारलं तर जे डोक्यात नाही ते मीच भरवल्यासारखं होईल का? दादाला सांगू का? दादा तापट आहे, कळलं तर मोबाईल फोडील, कॉलेज बंद करील, आणि आजी तर स्थळंच बघायला काढील. पण नाही सांगितलं आणि काही झालं तर मी जन्मभर स्वतःला माफ करू शकणार नाही. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

---

समुपदेशक_विश्रामबाग

आत्या, मी सांगलीत शाळा-कॉलेजच्या मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते, ११ वर्षं झाली. आधी कामाचं बोलते, कारणं नंतर.

आज संध्याकाळीच तिला भेटा, उद्यावर टाकू नका. आणि सरळ विचारा. शब्द सुचत नसतील तर हे घ्या, "परवा तू बोललीस ते माझ्या डोक्यातनं जात नाहीये. तुला मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" एवढं थेट. "तू असलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना" असं विचारू नका, त्या प्रश्नात नाही हे उत्तर आधीच भरलेलं असतं, पोरं तेवढंच देतात आणि विषय संपतो.

विचारल्यानं डोक्यात भरतं ही भीती मी रोज ऐकते, शिक्षकांकडनं पण. ह्याचा अभ्यास झालेला आहे. २००५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलमधल्या २३४२ मुलांपैकी साधारण निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, बाकीच्यांना विचारले नाहीत, दोन दिवसांनी परत बघितलं तर विचारलेल्या मुलांच्यात असले विचार वाढलेले दिसले नाहीत. उलट ज्यांना आधीच नैराश्य होतं किंवा ज्यांनी आधी कधी प्रयत्न केला होता त्यांना विचारल्यावर जरा हलकंच वाटलं. माझ्या कामात मी हेच बघते, विचारलं की पोरगं आधी गप्प होतं, मग रडतं, आणि मग बोलतं.

"हो" म्हणाली तर दचकू नका, शपथा घालू नका, "आईबापाचा विचार कर" म्हणू नका. ती तो विचार करतेच आहे, म्हणून तर खर्चाचं बोलली. फक्त विचारा, असं करायचं काही ठरवलंयस का, कधी, कसं. ठरवलंय म्हणाली तर त्या क्षणापासनं एकटी सोडायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर. नुसते विचार येतात म्हणाली तरी ह्याच आठवड्यात दाखवायचं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एवढीशी गोष्ट असते का. नसते. तिच्या वाक्यात मला जास्त खटकलं ते "मी नसते" नाही, "खर्च वाचला असता" हे खटकलं. थॉमस जॉइनर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक मांडणी केली, आमच्या कामात ती फार उपयोगी पडते. त्यांचं म्हणणं, माणसाला मरावंसं वाटायला लागतं ते दोन भावना एकत्र आल्या की, एक म्हणजे मी कुणाचीच नाही, आणि दुसरी म्हणजे मी सगळ्यांवर ओझं आहे. आता तुमच्या पोरीकडं बघा. मुलगा गेला, मैत्रिणी गेल्या, एसटीत शेजारची सीट पण रिकामी, म्हणजे पहिली भावना पुरी झाली. आणि क्लासची फी, बापाचे कष्ट, त्यात आपण अभ्यास सोडून हे करत बसलो ही शरम, ती दुसरी. ब्रेकअप झालेली सगळीच पोरं धोक्यात नसतात, बहुतेक जण रडून सावरतात. पण ब्रेकअपमुळं ह्या दोन्ही भावना एकदम अंगावर आल्या तर मात्र लक्ष द्यायचं.

ह्या वयात पोरं आईबापापासनं थोडी सुटून मित्रांच्यात घर करतात, ते नैसर्गिक आहे, तसंच व्हायला हवं. पण मग ते एक नातं म्हणजे नुसता तो मुलगा नसतो, ग्रुप, कट्टा, डब्याची वेळ, रात्रीचे मेसेज, सगळं त्याच्याभोवती विणलेलं असतं. ते तुटलं की अख्खी आळी उठून गेल्यासारखं वाटतं. त्यात भावनांचा जोर ह्या वयात पुरा आलेला असतो आणि स्वतःला आवरायचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळं आत्ता वाटतंय तेच कायम राहणार असं त्यांना खरंच वाटतं, नाटक नसतं ते. पण ह्याचीच दुसरी बाजू अशी की सगळ्यात वाईट लाट बऱ्याचदा थोडा वेळच टिकते, तेवढा वेळ कुणी सोबत असलं तर ती ओसरते.

आणि खेकसणं, जेवण टाकणं, रात्रभर जागणं ह्याला उद्धटपणा समजू नका. मोठी माणसं नैराश्यात गप्प बसतात, पोरं पुष्कळदा चिडतात.

---

मास्तर_कराड

वरच्या ताईंनी फार चांगलं लिहिलंय, मी फक्त आकडे देतो कारण "एवढ्याशा गोष्टीवरनं" हे वाक्य मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो.

आपल्याकडं नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो दरवर्षी आत्महत्यांचा अहवाल काढतं. २०२१ च्या अहवालात १८ वर्षांखालची १०७३२ मुलं आहेत. त्यात कारण म्हणून परीक्षेतलं अपयश ८६४ जणांच्या नावापुढं आहे. आणि कौटुंबिक प्रश्न ३२३३, प्रेमप्रकरण १४९५. आपण सगळे दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी पोरांवर डोळा ठेवतो, वर्तमानपत्रात आवाहनं येतात, शाळेत व्याख्यानं होतात, ते करायलाच पाहिजे, पण घरातली भांडणं आणि तुटलेली नाती ह्यांच्यासाठी कोणता दिवस आपण राखून ठेवलाय? निकालाची तारीख माहीत असते. घरात पट्टा कधी निघाला, ग्रुपमधनं कधी काढलं, ह्याची तारीख कुणालाच माहीत नसते.

हे आकडे पोलिसांच्या नोंदीवरनं येतात आणि नोंदीत एकच कारण लिहिलं जातं. पोरगं प्रेमात पडलं, घरी कळलं, बापानं मारलं, परीक्षा बुडाली, आता हे कौटुंबिक का प्रेमप्रकरण का परीक्षा? प्रत्यक्षात एकातनं दुसरं निघतं.

अजून एक. सगळ्या वयांचं मिळून बघितलं तर आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्यांत पुरुष खूप जास्त, २०२२ मध्ये १०० मागं साधारण ७२. पण १८ च्या खाली चित्र उलटं होतं, २०२० मध्ये ६००४ मुली आणि ५३९२ मुलगे. ह्या वयात मुलींच्या अंगावर नेमकं काय पडतं ते तुमच्या पोस्टमध्येच आहे, मोबाईल फोडील, कॉलेज बंद, स्थळं. आणि त्यात मुलाची जात वेगळी निघाली तर मग पोरीचा विषय राहतच नाही, गावाचा होतो.

शेजारच्या गावातल्या त्या मुलाचं पण विसरू नका. जवळपासच्या वयाचं कोणी असं गेलं की बाकीच्या हळव्या पोरांना तो रस्ता दिसायला लागतो. तुमची भाची त्याला ओळखत होती का? विचारा तिला.

---

तासगाव_द्राक्षबाग

मी बाप म्हणून बोलतो, राग मानू नका. माझा मुलगा सतरा वर्षांचा, सांगलीत रूम करून राहतो. हे सगळं बरोबर आहे पण मोबाईल काढून घेतल्याशिवाय हे थांबणार कसं ते मला कुणीतरी सांगा. गेल्या वर्षी त्याचं असंच काहीतरी चाललेलं मला कळलं, मी मोबाईल घेतला, साधा फोन दिला, रूम बदलली, म्हणलं आता अभ्यासाला लागेल. तेव्हापासनं पोरगं माझ्याशी कामापुरतं बोलतंय. जेवलास का तर हो, पैसे आहेत का तर हो. छाटणीच्या वेळी बागेत आला की दिवसभर माझ्या शेजारच्या ओळीत काम करतो आणि एक शब्द बोलत नाही. मला वाटलं होतं सुधारला. हा धागा वाचून आता भ्या वाटायला लागलंय. माझं कुठं चुकलं? आम्ही सकाळी पाचला उठून बागेत राबतो ते ह्यांच्यासाठीच ना.

---

पलूसचा_एक

काका, मी तुमच्या मुलाच्या जागेवर होतो म्हणून लिहितो. आता २७ वर्षांचा आहे, नोकरी करतो, लग्न ठरलंय. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

सतराव्या वर्षी माझं तुटलं. वाईट वाटत होतंच, पण त्यानं मी मेलो नसतो. त्या संध्याकाळी घरात जे झालं त्यानं मी कडेला गेलो. पप्पांना कुणीतरी मेसेज दाखवले. पप्पांनी दोन्ही चुलत्यांना बोलावून घेतलं, भावकीतली अजून दोघं आली, सगळे सोप्यात बसले आणि मला मधी उभं केलं. मेसेज मोठ्यानं वाचले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. त्यात एक चुलता म्हणाला "ह्याच्या शिक्षणावर घातलेला पैसा पाण्यात गेला." त्या वरच्या ताईंनी ओझं म्हणलंय ना, ते मला त्या क्षणी अंगावर ठेवल्यासारखं वाटलं, अजून आठवतंय. मग मोबाईल घेतला, आणि त्याच मोबाईलमध्ये माझा एकुलता एक मित्र होता ज्याला मी फोन केला असता. त्या रात्री मला मरायचं होतं. एवढंच लिहितो.

वाचलो कसा, तर तो मित्र. माझा फोन बंद लागला म्हणून रात्री साडेदहाला त्याच्या मोठ्या भावाला घेऊन गाडीवर घरी आला. भावानं पप्पांना सांगितलं उद्या प्रॅक्टिकलची जर्नल पुरी करायचीय, ह्याला घेऊन जातो. त्यांच्या घरी गच्चीवर आम्ही तिघं सकाळपर्यंत बसलो. त्यांनी काय उपदेश केला नाही. भावानं एकदाच विचारलं, "जीवाचं काय बरंवाईट करायचा विचार हाय का?" मी हो म्हणलं. तो म्हणाला, "बरं. मग आज झोपायचं नाही आपण." बस. पुढं त्यानंच डॉक्टरकडं नेलं, वर्षभर गोळ्या आणि बोलणं दोन्ही चालू होतं.

पप्पा वाईट नव्हते. त्यांना भीती वाटली होती आणि भीती वाटली की त्यांना ओरडणं एवढंच यायचं, हे मला पंचविशीत कळलं. तुमचा मुलगा शेजारच्या ओळीत काम करतो म्हणालात ना, तो तिथनं निघून गेलेला नाही अजून. तुम्ही पहिल्यांदा बोला. मोबाईलचं, मार्कांचं नको. "गेल्या वर्षी मी तुला नीट विचारलं नाही, तुला लई त्रास झाला का" एवढं म्हणा. कदाचित तो काहीच बोलणार नाही, पण ऐकेल. दुसऱ्या दिवशी परत म्हणा.

---

समुपदेशक_विश्रामबाग

पलूसच्या दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

काका, मोबाईलबद्दल माझं स्पष्ट मत. रात्रीचा मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवायचा, तुमचा पण आणि त्याचा पण, ह्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे कारण झोप मोडली की कुठलंही दुःख दुप्पट होतं. पण शिक्षा म्हणून फोन हिसकावून घेतला की त्या एका झटक्यात पोराचे सगळे दोर कापले जातात. आधी प्रेमाचं नातं तुटलेलं असतं, मग घरातलं नातं तुटतं. माझ्या अनुभवात धोका वाढतो तो ह्या दुसऱ्या तुटण्यानं, आणि ते बहुतेक वेळा घरी कळल्यावरच्या पहिल्या एक-दोन दिवसात होतं. पहिलं तुटणं आपल्या हातात नव्हतं, दुसरं आपल्या हातात असतं.

आत्या, म्हणून दादाला सांगायचं का ह्याचं उत्तर हो, सांगायचं, पण तुम्ही सांगायचं आणि तयारीनं सांगायचं. तिला "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. म्हणा, "तुझ्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून मी एकटी हे ठेवू शकत नाही, पण काय सांगायचं आणि कसं ते आपण दोघी मिळून ठरवू." मुलाचं नाव, मेसेज, फोटो ह्यातलं सगळं दादाला कळायलाच पाहिजे असं नाही. आधी वहिनीला सोबत घ्या. दादापुढं सुरुवात प्रेमप्रकरणानं करू नका, "पोरीला मरावंसं वाटतंय" इथनं करा. तापट माणसाचा राग पण बऱ्याचदा ह्या वाक्यानं उतरतो, कारण मग त्याला कळतं की प्रश्न अब्रूचा नाही.

आणि त्या मुलाच्या घरी जाऊन तमाशा, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लावतो असली धमकी, हे घाईत करू नका. १८ च्या खालच्यांच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही हे खरं आहे, आणि बळजबरी झाली असेल तर तक्रार करायलाच पाहिजे. पण दोन पोरांचं जुळलं आणि तुटलं एवढंच असेल तर ती धमकी तुमच्या पोरीला पण ऐकू जाते आणि तिला वाटतं माझ्यामुळं आता अजून एक घर बरबाद होणार. फक्त एक गोष्ट तिला हळूच विचारा, तो किंवा दुसरं कुणी तिचे फोटो, मेसेज पसरवायची भीती घालतंय का. तसं असेल तर ते ब्रेकअपचं दुःख नाही, तो गुन्हा आहे. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार होते, १०९८ चाइल्डलाइनला पण फोन करता येतो, आणि तिला पहिलं वाक्य हेच सांगायचं की चूक तुझी नाही.

---

सिस्टर_मिरज

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढली. मला जे सांगायचंय ते घरातल्या वस्तूंचं आहे.

आपल्या भागात जवळपास प्रत्येक घरात शेतीची औषधं असतात, द्राक्षवाल्यांच्याकडं तर जास्तच, आणि ती गोठ्यात, माडीवर, कधी कधी स्वयंपाकघराच्या फळीवर पण ठेवलेली असतात. आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचा डबा उघडा असतो. आत्या, दादाच्या घरी आज जाऊन हे सगळं कुलपात घाला, किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. "जायचं असेल तर माणूस कुठनं पण जाईल" असं लोक म्हणतात, ते खरं नाही. वर ताईंनी लिहिलंय ना की लाट थोडा वेळ टिकते, मग त्या वेळेला हाताशी काही नसणं ह्यानंच जीव वाचतो. तमिळनाडूत काही गावांनी सगळ्यांची शेतीऔषधं एका जागी लॉकरमध्ये ठेवायचा प्रयोग केला होता, चेन्नईच्या डॉक्टर लक्ष्मी विजयकुमार ह्यांनी त्यावर काम केलंय. आपल्याकडं गावात सोसायटी आहे, डेअरी आहे, मग हे का होऊ नये असं मला फार वाटतं.

मदत कुठं मिळेल तर टेली मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, २०२२ पासनं सुरू आहे, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः पण करू शकता, "माझ्या भाचीला असं होतंय मी काय करू" म्हणून. पोरीला सुद्धा नंबर देऊन ठेवा. दुसरं म्हणजे १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक असतं, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, साताऱ्यात सिव्हिलला जा. मानसोपचार म्हणलं की पुढं लग्नाला अडचण येईल असं आजी म्हणेलच. दवाखान्यातली माहिती कुणी गावात वाटत नाही. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे.

आणि देव न करो पण कधी काही केलंच तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठायचा. केस होईल म्हणून लोक उशीर करतात, हे मी डोळ्यानं बघितलंय आणि त्या उशीरानं गेलेली पोरं मला अजून दिसतात. दवाखान्यातनं पोलिसांना कळवलं जातं, पण २०१७ चा तो कायदा सांगतो की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, सरकारनं त्याची काळजी घ्यायची.

---

कोरेगावची_आत्या

सगळ्यांचे हात जोडून आभार. चार दिवसांनी लिहितेय, सवड नव्हती.

त्याच संध्याकाळी मी तिला माझ्याकडंच थांबवून घेतली, वहिनीला फोन केला की गाडी चुकली. रात्री अंथरुणात दिवा घालवल्यावर विचारलं, तोंडाकडं बघून विचारायची माझी छाती झाली नाही. समुपदेशक ताईंनी दिलेलेच शब्द वापरले. बराच वेळ काय आवाज नाही. मग म्हणाली, "आत्या, रोज रात्री येतो विचार." मग रडली, मी पण रडले. काय ठरवलंय का विचारलं तर नाही म्हणाली, ठरवलं नाही, फक्त सकाळ होऊ नये असं वाटतं. शेजारच्या गावचा तो मुलगा तिच्या शाळेत एक वर्ष मागं होता, वक्तृत्व स्पर्धेला दोघं एका गाडीतनं गेलेली. हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. मास्तर, तुम्ही म्हणालात म्हणून विचारलं. त्याच्यावर ती स्वतःच्या ब्रेकअपपेक्षा जास्त बोलली. "सगळे म्हणत होते पोरीच्या नादात गेला, मला वाटलं माझ्याबद्दल पण असंच म्हणतील" असं म्हणाली.

फोटोबिटोचं काय नाही, ते नीट विचारून घेतलं.

दादाला काल सांगितलं. वहिनी शेजारी बसली होती. मी सुरुवात तशीच केली जशी ताईंनी सांगितली. दादा पहिल्यांदा "कोण आहे तो" म्हणून उठलाच होता, मी म्हणलं दादा तो कोण आहे ह्यानं काय फरक पडत नाही, पोरगी मरायचं म्हणतीय. मग तो खाली बसला. माझा भाऊ मी वडील गेले तेव्हा पण रडताना बघितला नव्हता. किती वेळ गेला कळलं नाही. मग उठला, गोठ्याशेजारच्या खोलीतलं होतं नव्हतं ते सगळं पेटीत भरलं, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, "फवारणीच्या दिवशी तुझ्याकडनं घेऊन जाईन." सातारा ते गाव एवढं अंतर, पण मी नाही म्हणलं नाही.

पोरीला तो अजून काय बोललेला नाही. पण आज सकाळी स्टँडवर सोडायला स्वतः गेला, एरवी ती चालत जाते.

सिव्हिलला परवा जायचं ठरलंय. सिस्टर, तिथं गेल्यावर काय काय विचारतात? ती विचारतीय की पप्पांसमोरच सगळं सांगावं लागणार का.

---

सिस्टर_मिरज

नाही, सगळं पप्पांसमोर सांगावं लागत नाही. डॉक्टर आधी घरच्यांशी बोलतात आणि मग तिच्याशी एकटीशी बोलतात, तसं नाही झालं तर तुम्ही स्वतः म्हणा की तिला एकटीला बोलायचंय. झोप, जेवण, मन कशात लागतं का, मरायचे विचार किती वेळा येतात, हे विचारतील. जिवाला धोका वाटला तर ते घरच्यांना सांगतील, हे तिला आधीच सांगून ठेवा. सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते. आधार कार्ड न्या. दादा येणार असेल तर येऊ दे, बाहेरच्या बाकावर बसला तरी चालेल, बाहेर आल्यावर तो तिथं बसलेला तिला दिसू दे.